निम्मे-निम्मे शेअर आणि अडलेली कंपनी

आपल्या कापड धंद्यात दोन भाऊ किंवा दोन साडू मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतात, तेव्हा शेअर बहुधा निम्मे-निम्मे लिहिले जातात. कुणाचे मन दुखू नये हा त्यामागचा हेतू. धंदा नीट चालतो तोवर कुणी मोजत नाही. पुढे वितुष्ट आले की प्रत्येक ठराव पन्नासाला पन्नास अडतो. बँकेत दोघांच्या सह्या लागतात. एकाने हात आखडला की सूतवाल्याचा चेक निघत नाही, कारागिरांचा पगार राहतो. सभेला निदान दोन सभासद हजर लागतात, म्हणून एक जण घरी बसला तरी सभा होत नाही.

मर्जीवरच्या भागीदारीत लेखी नोटीस देऊन पेढी मोडता येते. कंपनीत ती सोय नाही. मग दाद कुठे मागायची?

या बाबतीत 1916 चा लंडनमधील येनिजे टोबॅको कंपनीचा निकाल वकील आजही सांगतात. वाइनबर्ग व रॉथमन या दोन तंबाखू कारखानदारांनी 1914 साली धंदे एकत्र केले. दोघांना मताचा अधिकार सारखा. लवकरच बोलणे बंद झाले. निरोप सेक्रेटरीमार्फत जात. पंचांचा निवाडा झाला, तोही एकाने मानला नाही. गंमत म्हणजे कंपनी नफ्यात होती. तरीही कोर्टाने ती गुंडाळण्याचा हुकूम दिला, कारण हा कारोबार मुळात भागीदारीच होता आणि तिचा पाया, म्हणजे परस्पर विश्वास, उरला नव्हता.

आपल्या सुप्रीम कोर्टाने 1975 साली हिंद ओव्हरसीज खटल्यात हे तत्त्व तपासले, पण हात राखून. कंपनी खरोखर भागीदारीसारखी आहे का ते पाहिले पाहिजे. नुसता बेबनाव पुरेसा नाही, असे म्हणून त्या खटल्यात कंपनी गुंडाळू दिली नाही.

पूर्वी असे दावे हायकोर्टात व कंपनी लॉ बोर्डाकडे जात. 2016 पासून ते राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एन.सी.एल.टी.कडे जातात. महाराष्ट्राचे काम मुंबई खंडपीठात चालते. या बाबी दिवाणी कोर्टात नेता येत नाहीत, तिथे नेऊन वर्षे घालवू नयेत.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 271 खाली ‘न्याय्य व उचित’ कारणावरून कंपनी गुंडाळण्याचा अर्ज करता येतो. पण दुसरा उपाय हाताशी असून अर्जदार हट्टाने तो टाळतो आहे असे दिसले, तर कलम 273 खाली अर्ज नाकारला जाऊ शकतो. चालता कारखाना मोडून भंगाराच्या भावाने माग विकण्यात कुणाचे भले? म्हणून कलम 241 व 242 अधिक कामाची वाटतात. एक दशांश शेअर असलेला सभासद त्याखाली अर्ज करू शकतो. न्यायाधिकरण एका बाजूचे शेअर दुसऱ्या बाजूला किंवा कंपनीला विकत घ्यायला लावू शकते, संचालक काढू शकते, निकालापर्यंत अंतरिम हुकूमही देऊ शकते. मात्र ‘आमचे पटत नाही’ एवढ्यावर भागत नाही. हिशेब दडवले, गिऱ्हाईक स्वतःच्या दुसऱ्या पेढीकडे वळवले, गुपचूप नवे शेअर काढले, असे काही कागदावर दाखवावे लागते. तेव्हा नोटिसा, इतिवृत्ते, बँकेचे उतारे जपून ठेवावेत. पुढची खरी झुंज शेअरच्या मोलावर होते, आणि मोल कोणत्या तारखेचे धरायचे यावरही.

सभाच होत नसेल तर कलम 97 व 98 आहेत. न्यायाधिकरण सभा बोलावू शकते आणि एकच सभासद हजर असला तरी ती सभा धरली जाईल असा हुकूम देऊ शकते. शिवाय जो संचालक बारा महिने एकाही बोर्ड सभेला येत नाही त्याचे पद कलम 167 प्रमाणे जाते. हे रुसून बसणाऱ्याच्या ध्यानात नसते.

आपली नियमावली मात्र आजच काढून वाचावी. बऱ्याच कंपन्या कायद्यातील छापील नमुना जसाच्या तसा उचलतात, आणि त्यात बोर्डावर समसमान मते पडली तर अध्यक्षाला जादा मत आहे. म्हणजे खुर्चीवर कोण, यावर सारे ठरते. त्याऐवजी असे कलम घालता येते की, एकाने शेअरचा भाव सांगावा आणि त्या भावाने घ्यायचे की द्यायचे ते दुसऱ्याने ठरवावे. भाव सांगणारा मग आपोआप वाजवी बोलतो. पण नियमावली बदलायला विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मते लागतात. निम्म्या-निम्म्या कंपनीत दोघेही राजी असल्याशिवाय ती मिळत नाहीत, म्हणून हे काम बोलचाल असतानाच उरकावे लागते.