सायकलची वाट आणि नदीचा उतार

सायकलवर अष्टविनायक करण्याची हौस आता पुष्कळांना आहे. समजा, आपण शिरूर तालुक्यातले. घरचा महागणपती रांजणगावला. त्याचे दर्शन झाले. आता सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाला जायचे ठरले. चाकांत हवा भरली, भाकरी बांधून घेतली. वाट कोणती धरावी?

आम्ही म्हणतो, वाट मागाहून ठरवा. आधी नदी पाहा. चढ लागला तर खाली उतरून सायकल ढकलता येते. पंक्चर झाले तर ठिगळ लावता येते. नदीपुढे मात्र काही चालत नाही. ती जिथे वाट देईल, तिथूनच जावे लागते.

नद्यांचे बेचके

आपल्या भागात दोन मोठ्या नद्या आहेत. शिरूरजवळून घोड वाहते. म्हणून तर शिरूरला घोडनदी असेही म्हणतात. दौंडजवळून भीमा वाहते. दौंडच्या वरच्या अंगाला घोड भीमेला मिळते.

झाडाचे बेचके आठवा. दोन फांद्या आणि खाली एक दांडा. एक फांदी म्हणजे घोड, दुसरी भीमा. दांडा म्हणजे संगमानंतरची भीमा. शिरूर दोन फांद्यांच्या मधे आहे. दौंड आणि सिद्धटेक दोन्ही दांड्याच्या कडेला आहेत, पण एकाच कडेला नाहीत. दौंड दक्षिणेच्या काठाकडे, पुणे जिल्ह्यात. सिद्धटेक उत्तरेच्या काठावर, अहिल्यानगर जिल्ह्यात. हे चित्र पाटीवर काढून पाहा. मग पुढचे सोपे आहे.

शिरूरहून निघणारा माणूस सहज म्हणतो, "दौंड गाठू आणि तिथून जाऊ." त्याची वाट अशी होते : न्हावरे, पारगाव, चौफुला, दौंड, शिरापूर, सिद्धटेक. पारगावला त्याने भीमा ओलांडली. शिरापूरला पुन्हा तीच भीमा ओलांडली. एकच नदी दोनदा!

दुसरी वाट पाहा : न्हावरे, इनामगाव, काष्टी, पेडगाव, सिद्धटेक. इनामगाव आणि काष्टी यांच्या मधे घोड ओलांडावी लागते, ती एकदाच. भीमा एकदाही ओलांडावी लागत नाही. ओढेनाले लागतात, ते वेगळे. फक्त शनिवारी काष्टीला जनावरांचा मोठा बाजार असतो. त्या दिवशी रस्त्यात गर्दी असते, तेवढे ध्यानात ठेवावे.

म्हणून पहिला नियम असा : आपले घर कोणत्या काठाला, जायचे ठिकाण कोणत्या काठाला, हे आधी पाहावे. मग नदी किती वेळा आडवी येते ते मोजावे.

दौंडकराची गोष्ट

दौंडहून निघणाऱ्याला भीमा ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. शिरापूरवरून सिद्धटेक सुमारे 18 किलोमीटर. पूर्वी तिथे पूल नव्हता, लोक होडीने पलीकडे जात. होडी नको असेल तर दौंडच्या पुलावरून काष्टी, पेडगाव असा 48 किलोमीटरांचा वळसा घ्यावा लागे. आता शिरापूरजवळ पूल झाला आहे. तरी जुनी वाट विसरू नये. पुराच्या दिवसांत कोणताही पूल बंद होऊ शकतो.

वळसा 30 किलोमीटरांचा पडला तर किती वेळ जातो? सामान लादलेली सायकल तासाला 12 किलोमीटर चालते असे धरू. म्हणजे अडीच तास. अडीच तास जास्त लागतील म्हणून घरून लवकर निघावे. अडीच तास वाचावेत म्हणून पाण्यात उतरू नये.

आभाळ कोरडे, नदी भरलेली

शिरूर आणि दौंड हे कमी पावसाचे तालुके. इथे ऊन पडलेले असते आणि नदी मात्र दुथडी वाहते. असे का होते?

या नद्यांचे पाणी इथले नाही. ते सह्याद्रीतून येते. भीमा भीमाशंकरला उगम पावते. पुण्याकडची मुळा-मुठा वाळकीच्या संगमावर तिला मिळते. घोडेला कुकडी मिळते. वरच्या भागात खडकवासला, पानशेत, चासकमान, डिंभे अशी धरणे आहेत. धरण भरले की दारे उघडतात. ते पाणी काही तासांनी आपल्याकडे पोचते.

सोडलेले पाणी क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. 1,000 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला 28,000 लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर एका सेकंदात! बातम्यांत असा आकडा ऐकला तर तो पुण्याचा म्हणून सोडून देऊ नये. ते पाणी आपल्याच वाटेने येणार आहे.

खुणेचा दगड

आमच्या नोकरीतली गोष्ट. सकाळी आम्ही एका बंधाऱ्यावरून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडच्या गावी गेलो. बंधारा कोरडा होता. संध्याकाळी परतलो तो वरून वीतभर पाणी वाहत होते. दिवसभर पावसाचा थेंब नव्हता. सायकलला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधलेला. समोर गाव दिसत होते. आम्ही विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या.

काठावर एक म्हातारा मेंढ्या राखत होता. तो म्हणाला, "मास्तर, जरा दम धरा. ह्यो दगड बघा." त्याने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. आम्ही मुकाट्याने बसलो. पाव तासात दगड बुडाला.

आम्ही मागे फिरलो, मोठ्या पुलावरून वळसा घेतला आणि रात्री दहाला घरी पोचलो. मंडळी दारातच उभ्या होत्या. पुष्कळ बोलणी खाल्ली. पण बोलणी खायला आम्ही होतो, हे काय थोडे झाले?

वीतभर पाण्याला भिऊ नये असे वाटते. पण वाहते पाणी पाय ओढते. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. खालची फरशी वाहून गेली असली तरी कळत नाही. सायकलच्या आऱ्यांत गवत-काटक्या अडकतात आणि पाणी सायकलीसकट माणसाला लोटते.

होडीचेही तसेच. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या मधे, वादळी वाऱ्याने होडी उलटली. सहा माणसे बुडाली. तेव्हा पूर नव्हता, उन्हाळा होता. तीही माणसे लांबचा वळसा वाचवणारीच होती. होडीत बसायचेच असेल तर वारा पाहावा, माणसे मोजावीत, अंगात तरंगणारे जाकीट घालावे. जाकीट नसेल तर बसू नये.

निघण्यापूर्वी

एसटीच्या ड्रायव्हरला वाट विचारावी. नदीकाठच्या माणसाला विचारावे, "आज पलीकडून कोणी आले का?" हा प्रश्न फार कामाचा आहे. उतार आहे असे कोणीही सांगेल. आज आलेला माणूस मात्र खरे सांगेल. नदी उजेडी ओलांडावी. आणि एक दुसरी वाट कागदावर लिहून खिशात ठेवावी. आता आपल्याला लिहिता येते, त्याचा हा उपयोग.

सांगा पाहू

1. तुमचे गाव नदीच्या कोणत्या काठाला आहे?
2. तालुक्याच्या गावी जाताना नदी किती वेळा ओलांडता?
3. तो पूल बंद झाला तर दुसरी वाट कोणती? ती वहीत लिहा.