फेस येतो तेव्हा टाकीचं पोट बिघडलेलं असतं

खरीप सुरू झाला की जून ते सप्टेंबर आपलं सलालाह पाहुण्यांनी फुलून जातं. माणसं वाढली की सांडपाणीही वाढणारच. इथलं सांडपाणी शुद्ध करून ते किनाऱ्याजवळच्या विहिरींतून जमिनीत सोडायला २००३ मध्ये सुरुवात झाली. हेतू हा, की समुद्राचं खारं पाणी आत सरकू नये. पाण्याचं असं सोनं होतं, पण मागे उरलेल्या गाळाचं काय?

अनेक शहरांत हा गाळ बंद टाकीत, हवा लागू न देता, साधारण ३५ अंश सेल्सिअसला कुजवतात आणि मिथेन मिळवतात. आपल्याला हे नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतला गॅस वापरला गेला. देहूच्या डॉ. सुहास मापुस्करांनी बायोगॅसला जोडलेली शौचालयं गावात रुजवली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

या टाकीचं एक दुखणं म्हणजे फेस. तो गॅसच्या नळीत शिरतो, झाकण उचलतो, कधी बाहेर उतू जातो. असं का होतं? टाकीत काही जिवाणू अन्नाचं आम्ल करतात, तर दुसरे सूक्ष्मजीव त्या आम्लापासून मिथेन बनवतात. हे दुसरे संथ असतात. एकदम जास्त गाळ ओतला की आम्ल साचतं आणि फेस धरतो. तेल, तूप, साबण यांनी बुडबुडे टिकतात. शिवाय आधीच्या हवेच्या टाकीत वाढलेले मायक्रोथ्रिक्स, गॉर्डोनिया यांसारखे तंतुमय जिवाणू गाळाबरोबर येतात आणि फेसाला दाटपणा देतात.

फेसनाशक औषधाने फेस बसतो, पण तात्पुरता. खरा उपाय आईने तान्ह्याला भरवावं तसा: थोडं थोडं, ठरल्या वेळी. तापमान स्थिर हवं, ढवळणं बेताचं हवं आणि तंतुमय जिवाणूंना हवेच्या टाकीतच आवरायला हवं. आम्ल आणि क्षारता नियमित तपासली, तर बिघाडाची चाहूल बहुधा आधीच लागते.

यात आपलाही वाटा आहे. चकल्या-शंकरपाळ्यांचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. ते गार करून बाटलीत भरा आणि झाकण लावून कचऱ्यात टाका. कढई घासण्याआधी कागदाने पुसून घ्या. सिंकमधून गेलेलं तेल नजरेआड होतं, पण संपत नाही. कुठल्यातरी टाकीत, कुठल्यातरी कामगारासमोर ते फेस होऊन वर येतं.