आतून जळणारा बाण

दिवाळीत एखादा भुईनळा उडण्याऐवजी धाडकन फुटतो. ठासलेल्या दारूला आत तडा असेल, तर असे होऊ शकते. अवकाशात जाणाऱ्या बाणांच्या अभियंत्यांनाही याच तड्याची धास्ती असते.

घन इंधनात ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम परक्लोरेटचे स्फटिक, अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि त्यांना धरून ठेवणारे रबरासारखे बंधक असे सगळे एकत्र असते. त्याला बाहेरची हवा लागत नाही, म्हणूनच पेटल्यावर ते विझवणे जवळपास अशक्य. द्रव इंधनाच्या बाणाला झडप असते, इथे नाही. 22 ऑगस्ट 2003 रोजी ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या बाणाची एक घन मोटर अकाली पेटली आणि 21 जण मृत्युमुखी पडले.

मग या आगीला लगाम कोण घालते? आकार. ज्वलन फक्त उघड्या पृष्ठभागावर होते. ज्योत त्याच्या अगदी लगत असते, तिच्या उष्णतेने वरचा थर वायू होतो आणि पृष्ठभाग सेकंदाला काही मिलिमीटर मागे सरकतो. दाब वाढला की ज्योत आणखी जवळ येते, जळण्याचा वेग वाढतो. किती वाढतो, याचे सूत्र फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय यांच्या नावाने ओळखले जाते: वेग दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात असतो.

सगळे मर्म त्या घातांकात आहे. नोझलमधून होणारा वायूचा निचरा दाबाच्या समप्रमाणात वाढतो. घातांक 1 पेक्षा कमी असेल, तर दाब चढताच निचरा निर्मितीच्या पुढे जातो आणि तोल सावरतो. 1 पेक्षा जास्त असेल, तर दाब चढतच जातो आणि कवच फुटते. पण घातांक कमी असूनही बेफिकीर राहता येत नाही. तो 0.5 असताना जळता पृष्ठभाग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो! तडा नेमके हेच करतो, ज्योतीला नवा पृष्ठभाग देतो.

आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 138 टन घन इंधन असते आणि ते दोन मिनिटांच्या आत संपते. असे इंधन मधल्या पोकळीपासून बाहेरच्या दिशेने जळते. साधी गोल पोकळी जळताना रुंदावत जाते, त्यामुळे जोरही वाढत जातो. तो एकसारखा हवा असेल, तर पोकळी चांदणीच्या आकाराची करतात: टोके झिजतात तसा तिथला पृष्ठभाग घटतो, इतरत्र तो वाढतो. बाण केव्हा किती जोर लावणार, हे इंधन साच्यात ओततानाच ठरलेले असते. मला या विद्येतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

म्हणून पेटवण्याआधी मोटरची क्ष-किरण तपासणी होते. तडे, हवेचे बुडबुडे आणि कवचापासून सुटलेले अस्तर शोधले जाते. 18 एप्रिल 1986 रोजी कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्गहून सुटलेला अमेरिकेचा टायटन बाण काही सेकंदांतच फुटला. त्याच्या एका घन मोटरमध्ये उष्णतारोधक अस्तराची कवचावरची पकड सुटली होती.