झडती, अधिपत्राविना

न्यायालयाचे अधिपत्र (वॉरंट) हाती नसताना पोलीस अधिकाऱ्याने गुन्ह्याच्या तपासासाठी एखाद्या जागेत किंवा व्यक्तीच्या अंगावर घेतलेला वस्तूंचा शोध म्हणजे अधिपत्राविना झडती होय. झडतीची आवश्यकता दंडाधिकाऱ्याने अगोदर पारखावी, हा सर्वसाधारण नियम. तथापि अधिपत्र मिळवीपर्यंत पुरावा हलविला किंवा नष्ट केला जाण्याचा संभव असल्यास या नियमास अपवाद करावा लागतो. अशा वेळी न्यायालयाच्या पूर्वसंमतीची जागा अधिकाऱ्याने लिहून ठेवलेली कारणे, पंचांची उपस्थिती आणि न्यायालयाची नंतरची छाननी यांनी भरून काढावी, अशी कायद्याची योजना आहे.

इंग्लंडमध्ये एन्टिक वि. कॅरिंग्टन (१७६५) या खटल्यात, कायद्याचा आधार नसेल तर मंत्र्याच्या हुकमानेही कोणाच्या घरात शिरता येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. अमेरिकेच्या संविधानात १७९१ मधील चौथ्या दुरुस्तीने अवाजवी झडतीपासून संरक्षण देण्यात आले. भारतीय संविधानात असा स्वतंत्र अनुच्छेद नाही. त्यामुळे येथील मर्यादा मुख्यतः फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आढळतात. १८९८ व १९७३ या दोन्ही संहितांच्या कलम १६५ मधील तरतूद १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये आली आहे.

या कलमान्वये पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपास करणारा अधिकारी आपल्या हद्दीत अधिपत्राविना झडती घेऊ शकतो. त्यासाठी तपासाला आवश्यक असलेली वस्तू त्या जागी सापडेल असे मानण्यास वाजवी कारण हवे आणि ती अन्य मार्गाने गैरवाजवी विलंबाशिवाय मिळणार नाही, असे त्याचे मत हवे. झडतीपूर्वी त्याने आपल्या समजुतीची कारणे आणि शक्य तेथवर शोधावयाची वस्तू तपासाच्या रोजनिशीत नमूद केली पाहिजे. या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. जागेच्या मालकास वा भोगवटादारास अर्ज केल्यावर ती विनामूल्य मिळते. ‘काही सापडते का पाहू’ अशा हेतूने घेतलेली झडती या कलमात बसत नाही.

झडतीची रीत कलम १०३ मध्ये सांगितली आहे. त्या परिसरातील दोन किंवा अधिक निःपक्षपाती व प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे लागते. जागेच्या भोगवटादारास झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे लागते. जप्त वस्तूंच्या यादीवर पंचांच्या सह्या घेऊन तिची प्रत त्यास द्यावी लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यावयाची असते. कलम १०५ नुसार झडती व जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आता बंधनकारक आहे.

रस्त्यावरील वाटसरूस केवळ संशयावरून थांबवून त्याची अंगझडती घेण्याचा सर्वसाधारण अधिकार संहितेने पोलिसांना दिलेला नाही. अंगझडती प्रामुख्याने अटकेनंतर किंवा झडतीच्या जागी असलेल्या व्यक्तीने वस्तू अंगावर लपविल्याचा वाजवी संशय असल्यास घेता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० खाली गणवेशातील पोलीस अधिकारी चालकाकडे अनुज्ञप्ती मागू शकतो. परंतु कागदपत्रे तपासण्याचा अधिकार आणि झडतीचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी होत.

विशेष अधिनियमांत अधिक व्यापक अधिकार आढळतात. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम ४३ अन्वये सार्वजनिक ठिकाणी अधिपत्राविना व्यक्तीस थांबवून तिची झडती घेता येते. मात्र कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती व्हावी, अशी मागणी करण्याचा हक्क त्या व्यक्तीस आहे. पंजाब राज्य वि. बलदेवसिंग (१९९९) या निवाड्यानुसार या हक्काची जाणीव तिला करून देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे कलम अंगझडतीपुरतेच असून हातातील पिशवीला ते लागू होत नाही, असे न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले. त्रास देण्यासाठी विनाकारण झडती घेणारा अधिकारी कलम ५८ खाली शिक्षेस पात्र ठरतो.

नियमभंगाचे परिणाम मात्र सर्वत्र सारखे नाहीत. राजस्थान राज्य वि. रहमान (१९६०) या प्रकरणात तंबाखूसाठी घेतलेल्या झडतीची कारणे अधिकाऱ्याने अगोदर लिहिली नव्हती. ती झडती बेकायदेशीर ठरली आणि तीस अडथळा करणाऱ्याची निर्दोष मुक्तता कायम राहिली. परंतु पूरणमल प्रकरणात (१९७४), बेकायदेशीर झडतीत मिळालेला पुरावा संबद्ध असल्यास केवळ त्या कारणाने त्याज्य ठरत नाही, असा निर्णय झाला. अमेरिकेत मॅप वि. ओहायओ (१९६१) पासून असा पुरावा सामान्यतः वगळला जातो. भारतात अंमली पदार्थांच्या कलम ५० चा भंग हा या बाबतीत ठळक अपवाद होय. तेथे सापडलेली वस्तू बेकायदेशीर ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

एम. पी. शर्मा प्रकरणात (१९५४) आठ न्यायाधीशांच्या पीठाने, अमेरिकेतील चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क भारतीय संविधानात नसल्याचे मत व्यक्त केले होते. खाजगीपणा संविधानाने संरक्षिलेला नाही, एवढ्या मर्यादेत तो निर्णय २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रद्द ठरविला आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. त्यामुळे झडतीला कायद्याचा आधार, न्याय्य उद्दिष्ट व प्रमाणबद्धता या तिन्ही कसोट्या लागू होतात. पुरावा वगळण्याचा सार्वत्रिक नियम नसल्याने झडतीपूर्वी लिहिलेल्या कारणांना विशेष महत्त्व आहे. झडतीत जे सापडले त्यावरून मागाहून कारण रचले गेले की काय, हे न्यायालयास प्रामुख्याने त्या नोंदीवरूनच पडताळता येते.