भात-पोळी सोडली, वजन उतरले. पण घटले नेमके काय?

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शहरांतील व्यायामशाळांमध्ये नव्या चेहऱ्यांची गर्दी होते. बहुतेकांचे संकल्प दोनच असतात. वजने उचलायची आणि भात, पोळी, साखर बंद करायची. आठ दिवसांत काटा दोन किलोंनी खाली येतो आणि उत्साहाला उधाण येते. महिन्याभरात मात्र चित्र पालटते. काटा एकाच जागी थबकतो, व्यायामात पूर्वीसारखा जोर राहत नाही आणि घरच्या लग्नकार्यात दोन दिवस पंगतीला बसले, की गेलेल्यातले दीड किलो वजन परत येते. 'आपल्याला डाएट मानवत नाही' असा निष्कर्ष काढून मंडळी पुन्हा जुन्या ताटाकडे वळतात. या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. काट्यावरचे वजन आणि अंगावरची चरबी या एकच गोष्टी आहेत, असे आपण धरून चालतो.

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा फरक २००४ मध्ये फार सोप्या रीतीने दाखवून दिला. लंडनमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचीच तुलना त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा 'बीएमआय' हा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा ते युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी अनेक भारतीयांची शरीररचना असते. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू शोषून घेतात. त्यामुळे वजन घटवण्याच्या नादात स्नायूच झिजले, तर ज्या मधुमेहाच्या भीतीने डाएट सुरू केले, त्यालाच वाट मोकळी होते. म्हणूनच भारतीय माणसाने 'किती किलो घटले' यापेक्षा 'काय घटले' हा प्रश्न आधी विचारायला हवा.

पहिले दोन किलो कशाचे?

भात, पोळी, बटाटा, साखर यांतून मिळणारी कर्बोदके शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जातात. स्नायूंमध्ये सुमारे चारशे ते पाचशे ग्रॅम आणि यकृतात सुमारे शंभर ग्रॅम एवढा हा साठा असतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवले जाते. कर्बोदके एकदम तोडली, की हा साठा रिता होऊ लागतो आणि त्यासोबतचे पाणी बाहेर पडते. चारशे ग्रॅम ग्लायकोजेन खर्च झाले, तर पाण्यासह दीड किलोहून अधिक वजन उतरते आणि त्यात चरबीचा अंशही नसतो. लग्नाच्या पंगतीनंतर वाढलेले वजनही बहुतांशी हेच पाणी असते. पहिल्या आठवड्यातील आनंद आणि पंगतीनंतरची निराशा, दोन्ही त्यामुळे अनाठायी ठरतात.

दीडशे वर्षांची जुनी कल्पना

कर्बोदके कमी करून वजन उतरवण्याची पद्धत आजची नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग या गृहस्थाने डॉक्टरांच्या सल्ल्यावरून पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून वजन घटवले आणि १८६३ मध्ये आपला अनुभव पुस्तिकेच्या रूपाने छापला. ती एवढी गाजली, की स्वीडिश भाषेत वजन घटवण्यासाठी आहार कमी करणे याला आजही 'बांता' म्हणतात. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांच्या पुस्तकाने या पद्धतीला नवे आयुष्य दिले. आज बोलबाला असलेला 'कीटो' आहार मुळात वजनासाठी नव्हताच. अपस्माराच्या रुग्णांसाठी १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो सुचवला होता.

या पद्धतीने वजन उतरते का, याचे उत्तर 'हो' असे आहे. ती इतर पद्धतींपेक्षा सरस आहे का, याचे उत्तर मात्र तितके उत्साहवर्धक नाही. अमेरिकेत ८११ जणांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्बोदकांचे प्रमाण ३५ पासून ६५ टक्क्यांपर्यंत असलेले चार आहार तपासले गेले. दोन वर्षांअंती चारही गटांतील घट जवळपास सारखीच होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात ६०९ जण होते. वर्षभरात कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी, तर कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलोंनी घटले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य ठरला. मात्र दोन्ही गटांत काहींचे वजन भरपूर उतरले, तर काहींचे चक्क वाढले. थोडक्यात, शरीर जेवढे खर्च करते त्यापेक्षा कमी उष्मांक पोटात गेले, तरच चरबी घटते. ती तूट ज्या आहाराने दीर्घकाळ, कुरकुर न करता सांभाळता येईल, तो आहार त्या माणसासाठी योग्य.

वजने उचलणाऱ्यांचा खरा आधार

उष्मांकांची तूट असताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून वापरू लागते. ते रोखण्याचे उपाय दोन आहेत. पहिला, स्नायूंना वजनाचा ताण देणे. दुसरा, त्यांच्या दुरुस्तीसाठी पुरेशी प्रथिने पुरवणे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. चाळीस तरुणांचा आहार चार आठवड्यांसाठी गरजेपेक्षा ४० टक्क्यांनी कमी करण्यात आला आणि त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला गेला. निम्म्यांना दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅम, तर उरलेल्यांना २.४ ग्रॅम प्रथिने दिली. पहिल्या गटाची चरबी साडेतीन किलोंनी घटली आणि स्नायू जवळपास आहे तेवढेच राहिले. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलोंनी घटली, शिवाय चरबीविरहित वजन १.२ किलोंनी वाढले. इतका कठोर कार्यक्रम घरी करण्याजोगा नाही. पण त्यातून प्रथिनांचे महत्त्व स्पष्ट होते. व्यायाम करणाऱ्यांवरील ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये घेण्यात आला. त्यानुसार दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनांचा स्नायूंना फायदा होतो. त्यापुढे तो फारसा वाढत नाही.

प्रथिनांचे आणखी दोन गुण आहेत. त्यांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते. शिवाय त्यांच्या पचनातच त्यांच्यातील २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते. कर्बोदकांच्या बाबतीत हे प्रमाण ५ ते १० टक्केच आहे. कमी कर्बोदकांच्या आहाराला मिळणाऱ्या यशाचे बरेचसे श्रेय यालाच द्यावे लागेल, कारण भात-पोळी कमी झाली, की तिची जागा बहुधा अंडी, पनीर, मासे घेतात.

मग कर्बोदकांचे काय? जड वजन उचलताना स्नायूंना झटपट ऊर्जा लागते आणि ती मोठ्या प्रमाणात ग्लायकोजेनमधून येते. तासाभराच्या व्यायामाने हा साठा पूर्ण संपत नाही, त्यामुळे ताटभर भात लागतो असे नाही. पण कर्बोदके जवळजवळ शून्यावर आणली, तर शेवटच्या काही फेऱ्यांमध्ये हातपाय गळल्यासारखे होणे स्वाभाविक आहे. व्यायामाचा जोर उतरला, की स्नायू राखण्याचे एक साधनच दुबळे होते.

सत्तर किलोंचा हिशेब

आठवड्यातून तीन-चार दिवस वजने उचलणारी ७० किलोंची व्यक्ती रोज १९०० उष्मांकांचा आहार घेते असे धरू. दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या हिशेबाने तिला सुमारे ११२ ग्रॅम प्रथिने लागतील. एका ग्रॅमला चार उष्मांक, म्हणजे हे झाले ४४८ उष्मांक. तेल, तूप, दाणे वगैरेंतून ६० ग्रॅम स्निग्धांश धरला, तर एका ग्रॅमला नऊप्रमाणे ५४० उष्मांक होतात. उरलेले ९१२ उष्मांक कर्बोदकांना मिळतात, म्हणजे सुमारे २२८ ग्रॅम. एकूण आहाराच्या ते ४८ टक्के आहेत. याचा अर्थ, चरबी घटवतानाही दोन वेळा पोळी आणि थोडा भात खाण्यास पुरेशी जागा राहते. ज्यांना कर्बोदके आणखी कमी ठेवणे सोपे जाते, त्यांनी ती कमी करून स्निग्धांश वाढवावा. प्रथिनांचा आकडा मात्र हलवू नये.

अडचण येते ती नेमकी इथेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांमधून आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांमधून येतात. सकाळी पोहे, दोन्ही वेळा तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात आणि दोन-तीन कप चहा, अशा शाकाहारी मराठी आहारातून ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. यातून फक्त भात-पोळी काढून टाकली, तर त्यांच्यातील २० ग्रॅमही जातात आणि मागे उरते ती उपासमार. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो.

ताट कसे बदलावे?

पोह्यांऐवजी दोन अंडी आणि आणखी दोन अंड्यांचा पांढरा भाग घेतला, तर सकाळीच २० ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी न खाणाऱ्यांनी पनीर भरलेली मुगाची धिरडी घ्यावीत. दुपारी तीनऐवजी दोन पोळ्या, मोड आलेल्या मटकीची मोठी वाटीभर उसळ आणि वाटीभर दही. कोरड्या ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून १५ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम, तर तेवढ्याच बांगड्यातून वा कोंबडीच्या मांसातून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शेंगदाण्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिने असली, तरी त्यांच्यासोबत साडेपाचशेहून अधिक उष्मांकही येतात. प्रथिनांच्या भुकटीचा मोह आवरता घ्यावा, असेच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. आधी ताट सुधारावे हे उत्तम.

कोणी सावध राहावे?

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके एकाएकी तोडली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी 'ग्लिफ्लोझिन' गटातील औषधे चालू असताना कीटो आहार घेतल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी आणि गर्भवतींनी कोणताही बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बाकीच्यांनी आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट पुरेशी मानावी. ७० किलोंच्या व्यक्तीसाठी ती ३५० ते ७०० ग्रॅम होते. काट्याबरोबरच शिवणकामाची टेप जवळ ठेवावी आणि कंबर मोजावी. व्यायामशाळेतील वहीत उचललेल्या वजनांची नोंद करावी. कंबर कमी होत असेल आणि वहीतले आकडे टिकून असतील, तर काटा रेंगाळला तरी चरबीच घटते आहे, असे खुशाल समजावे. कंबर जैसे थे आणि उचलण्याची ताकद मात्र ओसरत चालली असेल, तर भात सोडण्याआधी ताटातील वरण-उसळीची वाटी मोठी करण्याची वेळ आली आहे.