परीक्षेनंतरची शाळा : अमेरिकेतील प्राथमिक वर्गांचे शेवटचे आठवडे कशासाठी असतात?

मार्च उजाडला की अमेरिकेतील मराठी घरांत भारताच्या तिकिटांचा विषय निघतो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क यांसारख्या ईशान्येकडील राज्यांत शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत चालतात. शाळा सुटल्यानंतरची तिकिटे महाग असतात. शिवाय महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे येथील मुले तेथे पोहोचेपर्यंत मामे-मावसभावंडांची सुट्टी संपलेली असते. अशा वेळी घराघरांतून एक युक्तिवाद हमखास पुढे येतो : राज्याची परीक्षा तर आटोपली, आता वर्गात नुसते खेळ आणि पार्ट्या, मग दोन आठवडे आधी निघाले तर काय बिघडले?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या दोन आठवड्यांत वर्गात नेमके काय चालते, हे पाहणे आवश्यक आहे.

दोन निरनिराळी वेळापत्रके

आजच्या पालकांपैकी बहुतेकांच्या मनात शालेय वर्षाचे जे चित्र आहे, ते महाराष्ट्रातील आहे. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, १ मे रोजी ध्वजवंदन आणि निकाल, मग सुट्टी. परीक्षा संपली की शाळा संपली, असा तो सरळ हिशेब. अमेरिकेतील प्राथमिक शाळेत तशी वार्षिक परीक्षा नसते. २०१५ च्या संघराज्यीय शिक्षण कायद्यानुसार तिसरी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची वाचन आणि गणित या विषयांची चाचणी दरवर्षी घ्यावी लागते. ती वसंत ऋतूत होते आणि त्यानंतरही शाळा काही आठवडे सुरू राहते. टेक्सास, जॉर्जियासारख्या दक्षिणेकडील राज्यांत हा काळ मेअखेरीस संपतो, ईशान्येत तो जूनमध्ये लांबतो.

या आठवड्यांत चाचणीचा धाक नसतो. बाहेर ऊन असते आणि मुलांचे चित्त थाऱ्यावर नसते. शिक्षकापुढे दोन मार्ग असतात : चित्रपट लावून दिवस ढकलणे, किंवा वर्षभर जे शिकवले त्याला उपक्रमांतून उजाळा देणे. पहिला मार्ग स्वीकारणारे वर्ग आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चांगला शिक्षक दुसरा मार्ग निवडतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तोही खेळच वाटतो.

खेळाच्या आत दडलेला अभ्यास

सर्वांत प्रचलित उपक्रम म्हणजे वर्णमालेची उलटी मोजणी. इंग्रजी अक्षरे २६, म्हणून शेवटचे २६ दिवस. प्रत्येक दिवशी एक अक्षर आणि त्या अक्षराचा एक कार्यक्रम : ‘बी’च्या दिवशी आवडते पुस्तक आणून हिरवळीवर वाचन, ‘पी’च्या दिवशी कागदी विमाने. विमाने उडवून झाली की मुले टेप घेऊन अंतर मोजतात, तक्ता करतात, सरासरी काढतात. लिंबू सरबताच्या दुकानाचा उपक्रमही असाच. साखर, लिंबे आणि पेले यांचा खर्च धरून एका पेल्याची किंमत किती ठेवावी, हे चौथीतील मुले आपसांत वाद घालून ठरवतात. दशांश अपूर्णांकांची उजळणी होते, पण उजळणी हा शब्द कोणी उच्चारत नाही.

काही शाळांत ‘वॅक्स म्युझियम’ भरते. प्रत्येक मूल एका ऐतिहासिक व्यक्तीचे चरित्र वाचते, तिचा वेष करून पुतळ्यासारखे उभे राहते आणि पालकांनी समोरचे कागदी बटण दाबले की त्या व्यक्तीच्या तोंडून बोलू लागते. ते मिनिटभराचे भाषण उभे करण्यासाठी वाचन, टिपणे, लेखन आणि पाठांतर हे सारे करावे लागते.

तिसरा प्रकार मुलांनीच प्रश्न काढण्याचा. गटागटाने वर्षभरातील धड्यांवर प्रश्न तयार करायचे आणि दुसऱ्या गटाला विचारायचे. यामागे भक्कम संशोधन आहे. सेंट लुईस येथील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर आघाडी घेतली ती मजकूर स्वतः आठवून लिहिणाऱ्यांनी. आठवण्याचा प्रयत्न हाच स्मरण पक्के करतो. लांब सुट्टीच्या तोंडावर या गोष्टीला विशेष मोल आहे. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उन्हाळ्यात मुले सरासरी सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे पडतात आणि गणितात ही घसरण अधिक असते, असे दिसले. या घसरणीच्या प्रमाणाविषयी अभ्यासकांत पुढे मतभेद झाले.

निरोपाची रीत

शेवटच्या आठवड्यांचे दुसरे काम अभ्यासाचे नसून निरोपाचे आहे. अमेरिकी प्राथमिक शाळेत वर्षभर बहुतांश विषय एकच शिक्षिका शिकवते आणि पुढील वर्षी अनेकदा वर्गाची फेररचना होते. सप्टेंबरमध्ये शेजारच्या बाकावर तोच मित्र असेल, याची शाश्वती नसते.

म्हणून वर्गाचे आठवणींचे पुस्तक तयार होते. एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक मूल वर्गातील इतर प्रत्येकाविषयी एक चांगले वाक्य लिहिते. २४ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला २३ वाक्ये येतात. ‘तू छान आहेस’ एवढे लिहून चालत नाही. काय छान, केव्हा दिसले, ते लिहावे लागते. वाक्ये शिक्षिका आधी वाचून पाहते आणि एकही नाव सुटू देत नाही. जानेवारीत दुसऱ्या देशातून येऊन वर्गात दाखल झालेल्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या हाती जूनमध्ये अशी २३ वाक्ये पडतात, तेव्हा तो कागद घरी जपून ठेवला जातो.

त्याच जातीचा उपक्रम म्हणजे पुढील वर्षी या वर्गात येणाऱ्या अनोळखी मुलाला पत्र. तिसरीतील मूल दुसरीतील मुलाला लिहिते, की पाढे सुरुवातीला अवघड वाटतात, पण घाबरू नकोस. आपण काय शिकलो, हे त्याला दुसऱ्याला सांगताना प्रथमच उमगते. नवे वर्ष सुरू होते त्या दिवशी ही पत्रे बाकांवर ठेवलेली असतात.

सुट्टी सर्वांसाठी सारखी नसते

दिवस मोजण्याच्या उत्साहाला एक दुखरी बाजू आहे. काही मुलांसाठी शाळा हेच निश्चित जेवणाचे आणि निश्चिंत सहवासाचे ठिकाण असते. शाळा बंद झाली की जेवणाचा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच संघराज्य सरकारची उन्हाळी भोजन योजना आहे आणि २०२४ पासून सहभागी राज्यांत पात्र मुलामागे उन्हाळ्यासाठी १२० डॉलरची मदत दिली जाते. जूनमध्ये अकारण चिडणारे किंवा गप्प होणारे मूल बेशिस्त असेलच असे नाही. हे ओळखणारे शिक्षक ‘किती दिवस उरले’ याचा फलक लावण्याऐवजी ‘आज काय करायचे’ याचा फलक लावतात आणि रोजचा क्रम शेवटच्या दिवसापर्यंत मोडत नाहीत.

लवकर निघायचेच असेल तर

आजी-आजोबांची भेट आणि भावंडांचा सहवास यांचे मोल कोणत्याही उपक्रमापेक्षा कमी नाही. निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपापला घ्यायचा आहे; मात्र तो ‘शाळेत आता काहीच नसते’ या समजावर आधारलेला नसावा. हिशेबाची बाजूही आहे. वर्षातील दहा टक्के वा अधिक दिवस गैरहजर राहणारे मूल अनेक राज्यांत दीर्घ गैरहजेरीच्या यादीत मोजले जाते. १८० दिवसांच्या वर्षात ही मर्यादा १८ दिवसांची, आणि जूनमधील दोन आठवडे म्हणजे त्यांतले १० दिवस.

जाणे अटळ असेल, तर शिक्षिकेला एप्रिलमध्येच कळवावे. आठवणींच्या पुस्तकातील मुलाचे पान आधी तयार होऊ शकते, इतरांची वाक्ये त्याला आधी मिळू शकतात आणि शेवटच्या दिवशी वर्गात त्याच्यासाठी पाच मिनिटे राखता येतात. मुलाला निरोप घेण्याची संधी मिळाली पाहिजे, एवढे पाहावे. पुढील वर्गासाठीचे पत्र त्याने घरी लिहून दिले तरी चालते. येथील रविवारच्या मराठी शाळांनाही ही पत्राची कल्पना सहज उचलता येईल : यंदा बाराखडी शिकलेल्या मुलाने, पुढील वर्षी ती शिकणाऱ्या मुलासाठी, देवनागरीत लिहिलेल्या चार ओळी.