खिडकी एक, भाषा अनेक

संगणकाच्या पडद्यावर एखादी खिडकी उघडते. तिच्यात 'जतन करा' असे लिहिलेले बटण असते. त्यावर माऊसने टिचकी मारली की फाइल साठवली जाते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट इथेच संपते. ते बटण पडद्यावर कोणी रेखाटले, टिचकी नेमकी त्याच बटणावर पडली हे कोणी ओळखले, या प्रश्नांत प्रोग्रॅम लिहिणाराही सहसा शिरत नाही. बटणे, मेनू, मजकुराच्या चौकटी, सरकपट्ट्या असा सुट्या भागांचा तयार संच त्याला आयता मिळतो. या संचाला 'टूलकिट' म्हणतात.

अडचण असते ती पुढेच. टूलकिट एका भाषेत लिहिलेले असते आणि ते वापरू पाहणारा प्रोग्रॅमर बहुधा दुसऱ्याच भाषेत लिहीत असतो. या दोघांमध्ये दुभाष्याचे काम करणारा जो कोड असतो त्याला 'बाइंडिंग' असे नाव आहे. हा दुभाष्या पडद्यावर कधीच दिसत नाही. मात्र तो निघून गेला की उत्तम चालणारे प्रोग्रॅम एका झटक्यात निकामी होतात, आणि असे प्रत्यक्षात घडलेही आहे.

या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'जीटीके' हे टूलकिट. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये 'गिम्प' हे छायाचित्रांवर काम करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतले. सुरुवातीला त्यांनी 'मोटिफ' हे व्यापारी टूलकिट वापरले. प्रोग्रॅम फुकट आणि त्याचा पाया मात्र विकतचा, हा विरोधाभास फार काळ टिकणारा नव्हता. मॅटिस यांनी स्वतःच टूलकिट लिहिले आणि त्याला 'गिम्प टूलकिट' असे साधे नाव दिले. त्याचेच लघुरूप जीटीके. १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' हा लिनक्सचा मुक्त डेस्कटॉप उभारायला घेतला तेव्हा त्यांनीही जीटीकेचीच निवड केली. एका चित्रप्रोग्रॅमसाठी केलेली सोय अशा रीतीने एका संपूर्ण डेस्कटॉपचा पाया झाली.

जीटीके 'सी' या भाषेत लिहिले गेले, आणि या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने तीच बाब निर्णायक ठरली. सी ही जुनी भाषा आहे. तिच्यात खिडक्यांचे प्रोग्रॅम लिहिणे जिकिरीचेच. पण जवळजवळ प्रत्येक भाषेला सी मध्ये लिहिलेले फंक्शन बोलावता येते. तयार झालेल्या लायब्ररीत सी मधील फंक्शनचे नाव जसेच्या तसे राहते. 'सी प्लस प्लस'मध्ये मात्र कंपायलर त्या नावाला आपल्या पद्धतीने शेपट्या जोडतो आणि निरनिराळे कंपायलर निरनिराळ्या शेपट्या जोडू शकतात. बाहेरच्याला अशा लायब्ररीत शिरणे अवघड होते.

दुभाष्याचे खरे काम

सी मध्ये बटणावरील अक्षरे बदलणाऱ्या फंक्शनचे नाव 'जीटीके बटण सेट लेबल' असे लांबलचक असते आणि कोणते बटण, हे त्याला वेगळे सांगावे लागते. पायथनमध्ये बटणालाच 'सेट लेबल' एवढे म्हटले की पुरते. हे झाले वरवरचे भाषांतर. ते यंत्रही करू शकेल.

कठीण प्रश्न मालकीचा. सी मध्ये स्मृतीचा तुकडा ज्याने मागून घेतला, त्यानेच काम झाल्यावर तो परत करायचा असतो. पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ही झाडलोट भाषा स्वतःच करते. आता पायथनच्या प्रोग्रॅमने जीटीकेकडून एखादा मजकूर मागितला, तर तो वापरून झाल्यावर टाकायचा कोणी? दोघांनीही टाकला तर प्रोग्रॅम कोसळतो. कोणीच टाकला नाही तर स्मृती हळूहळू भरत जाते आणि दुपारपर्यंत संगणक कुंथू लागतो. यातला दुसरा दोष अधिक वाईट, कारण तो लगेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट उलट दिशेच्या निरोपाची. बटण दाबले गेले हे आधी जीटीकेला कळते. मग त्याने पायथनमधील फंक्शनला हाक मारायची. दरम्यान पायथनने ते फंक्शन 'आता कोणाला लागत नाही' असे समजून झाडून टाकलेले असू नये, याची काळजी दुभाष्याने घ्यायची असते. शिवाय त्या फंक्शनमध्ये चूक झाली तर ती सी मधून पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून पायथनची बाइंडिंग्ज अशी चूक टर्मिनलवर छापून पुढे जातात. खिडकी शाबूत, बटणही जागेवर, आणि दाबले तर काहीच होत नाही, या नवशिक्यांच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

या दुभाष्यामुळे वेग मंदावत नाही का, असे विचारले जाते. बहुतेक प्रोग्रॅमांत तो फरक जाणवत नाही. रेखाटण्याचे जड काम सी मध्येच होते. दुभाष्याला फक्त निरोप पोहोचवायचे असतात आणि माणसाचे बोट काही सेकंदाला हजार वेळा बटण दाबत नाही.

मराठी वाचकाला यात एक लाभ आहे. २००२ मध्ये आलेल्या जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीने मजकुरासाठी युनिकोड स्वीकारले आणि अक्षरांच्या मांडणीचे काम 'पँगो' या लायब्ररीकडे दिले. 'कि'मधील ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी काढायची, जोडाक्षर कसे बांधायचे, हे सारे तिथे ठरते. त्यामुळे प्रोग्रॅम कोणत्याही भाषेत लिहिलेला असो, देवनागरीची व्यवस्था त्याला वेगळी करावी लागत नाही.

हाताने बांधलेला पूल

जीटीकेचे पायथनसाठीचे पहिले मोठे बाइंडिंग म्हणजे जेम्स हेन्स्ट्रिज यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले 'पायजीटीके'. त्यात जीटीकेतील फंक्शनांच्या याद्या करून त्यांवरून जोडकोड तयार केला जाई. जिथे यंत्राला जमत नसे तिथे तो हाताने लिहिला जाई. पर्ल आणि सी प्लस प्लस यांच्यासाठीही असेच वेगवेगळे पूल बांधले गेले. जीटीकेची नवी आवृत्ती आली की प्रत्येक पुलावरच्या मूठभर माणसांनी तेच काम पुन्हा करायचे.

हे चालले, आणि उत्तम चालले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेतील हिरव्या-पांढऱ्या संगणकांवरची 'शुगर' ही प्रणाली पायथनमध्ये, पायजीटीकेच्या आधारे लिहिलेली होती. २००७ मध्ये महाराष्ट्रातील एका खेड्यातल्या छोट्या शाळेतही हे संगणक आले. तेथील मुले पडद्यावरील चित्रांना हात घालत तेव्हा त्यांचा प्रत्येक निरोप या पुलावरूनच जात होता.

फेब्रुवारी २०११ मध्ये जीटीकेची तिसरी आवृत्ती आली आणि पायजीटीके तिथे पोहोचलेच नाही. त्याच वर्षी आलेली २.२४ ही त्याची शेवटची मालिका ठरली. पुढे जानेवारी २०२० मध्ये पायथन २ चा आधारही संपला. पायजीटीके चालत असे ते फक्त त्याच पायथनवर. एप्रिल २०२०च्या उबुंटू आवृत्तीतून ते वगळले गेले आणि त्याबरोबर गिम्पसाठी पायथनमध्ये लिहिलेली जोडसाधनेही तिथे आपोआप चालेनाशी झाली. लिहिणाऱ्यांच्या कोडमध्ये दोष नव्हता, गिम्पमध्येही नव्हता. मधला माणूसच नोकरी सोडून गेला होता, इतकेच.

जीटीकेच्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा मला या क्षेत्रातील फार शहाणपणाचा वाटतो. दुभाष्ये वाढवण्याऐवजी त्यांनी मूळ ग्रंथातच टिपा लिहिल्या. प्रत्येक फंक्शनच्या वर सी मध्ये जी समजुतीची टिप्पणी असते, तीत ठराविक शब्दांत नोंद करायची: या मजकुराची मालकी घेणाऱ्याकडे गेली आहे, किंवा गेलेली नाही, ही किंमत रिकामी असू शकते. एक प्रोग्रॅम या टिपा वाचून टूलकिटचे संपूर्ण वर्णन असलेली फाइल तयार करतो. पायथन किंवा जावास्क्रिप्ट ती फाइल प्रोग्रॅम चालू असतानाच वाचते आणि पूल जागच्या जागी उभा राहतो. रस्टसारख्या भाषेत त्याच वर्णनावरून जोडकोड आधीच तयार करून घेतला जातो. या व्यवस्थेला 'जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन' म्हणतात. पायजीटीकेची जागा घेणारे 'पायजीऑब्जेक्ट' यावरच चालते. २०११च्या एप्रिलमध्ये आलेल्या ग्नोम ३ चा दर्शनी भाग मोठ्या प्रमाणावर जावास्क्रिप्टमध्ये लिहिता आला, तोही याच बळावर. टीप चुकली तर सर्व भाषांत एकदमच चुकते हे खरे. पण दुरुस्तही एकदमच होते.

क्यूटी आणि परवान्याचा पेच

नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीच्या 'क्यूटी' या टूलकिटची कथा निराळ्या वळणाने जाते. ते सी प्लस प्लसमध्ये असल्यामुळे त्याचा पूल बांधणे मुळातच अवघड. ब्रिटनच्या रिव्हरबँक कंप्युटिंगने 'पायक्यूटी' हे बाइंडिंग तयार केले आणि ते नावाजलेही गेले. त्याचा परवाना मात्र दुहेरी: तुमचा प्रोग्रॅम जीपीएल परवान्याखाली खुला करा, नाहीतर पैसे मोजा. क्यूटीचा परवानाही तोपर्यंत असाच असल्याने कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

२००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली आणि २००९ मध्ये क्यूटीला अधिक सैल असा एलजीपीएल परवाना दिला. आता बंदिस्त प्रोग्रॅमांनाही काही अटींवर ते विनाशुल्क वापरता येऊ लागले. पायथनमध्ये लिहिणाऱ्याला मात्र पुलावरचा टोल चुकत नव्हता. रिव्हरबँकशी बोलणी फिसकटल्यावर नोकियाने ऑगस्ट २००९ मध्ये 'पायसाइड' हे स्वतःचे बाइंडिंग आणले. दोनच वर्षांत नोकिया विंडोज फोनकडे वळली आणि पायसाइड पोरके झाले. डिसेंबर २०१२ मध्ये क्यूटी ५ आले तरी ते कित्येक वर्षे चौथ्या आवृत्तीवरच अडकून होते. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये क्यूटी कंपनीने त्याला अधिकृत स्थान दिले. नव्याने लिहायला बसणाऱ्या कार्यालयांनी 'पायक्यूटी की पायसाइड' हा निर्णय प्रोग्रॅमरवर सोडू नये. तो परवाना वाचून घेण्याचा निर्णय आहे.

पायथनबरोबर आयते मिळणारे 'टीकेइंटर' तर याहून गमतीदार. 'टीके' हे टूलकिट जॉन ऑस्टरहाउट यांनी आपल्याच 'टीसीएल' या भाषेसाठी लिहिले. पायथनने त्याला सोडवून न घेता सबंध टीसीएलच पोटात घेतली. पायथनमधून बटण मागितले की आत टीसीएलची आज्ञा तयार होते. पर्लच्या लोकांनी उलट कष्ट घेऊन टीकेमधून टीसीएल वेगळी काढली.

गिम्पची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या प्रोग्रॅमसाठी जीटीके जन्माला आले, तो जीटीके ३ वर पोहोचला तेव्हा जीटीके ४ येऊन चार वर्षे उलटली होती. तिची जोडसाधने सी, पायथन ३, जावास्क्रिप्ट, लुआ आणि वाला यांपैकी कोणत्याही भाषेत लिहिता येतात. पायजीटीकेच्या काळातील जुनी साधने मात्र तिच्यावर जशीच्या तशी चालत नाहीत. ज्यांचे लेखक अजून त्या कामात आहेत त्यांची नव्याने लिहिली जात आहेत.